डोंगरावर ‘आज नको’ म्हणणारं कुणीतरी हवं

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पुणे
मा. संचालक, पर्यटन संचालनालय, महाराष्ट्र राज्य
कामशेत-पवना परिसरातल्या पॅराग्लायडिंग शाळांचे संचालक व प्रशिक्षक
आणि स्वतःची विंग पाठीवर घेऊन रविवारी डोंगर चढणारे माझे सर्व सोबती

विषय : मावळात एकट्याने उडणाऱ्या नवख्या पायलटांची सुरक्षा



मावळातलं भात निघालं, खाचरं कोरडी झाली की आमचा हंगाम सुरू होतो. लोणावळा लोकलमधून कामशेतला उतरणाऱ्या गर्दीत माणसाएवढ्या पिशव्या पाठीवर घेतलेली पोरं दिसायला लागतात. सकाळी आणि संध्याकाळी डोंगराच्या धारेवर रंगीत विंगा उभ्या राहतात. वरून एका बाजूला पवनेचं पाणी दिसतं, दुसऱ्या बाजूला वडिवळेचं, आणि हवा स्वच्छ असेल तर लोहगड, विसापूर, तिकोना एकाच नजरेत येतात. खाली शेतातली माणसं आम्हाला ‘छत्रीवाले’ म्हणतात. देशभरातून लोक उडायला शिकण्यासाठी कामशेतला येतात, याचा मावळचा माणूस म्हणून मला अभिमान आहे. त्या अभिमानापोटीच हे पत्र लिहितो आहे.

पत्र पहिल्यांदा शिकायला आलेल्या मुलाबद्दल नाही. त्याच्या कानात रेडिओ असतो, खाली शिक्षक उभा असतो, आणि तो स्वतःही घाबरलेला असतो. त्याची भीतीच त्याला सांभाळते. हे पत्र त्याच मुलाबद्दल आहे, पण एका वर्षानंतरच्या. आता त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे, स्वतःची विंग आहे, वीस-तीस तासांचं उड्डाण आहे. कानातला रेडिओ निघाला आहे. भीतीही निघून गेली आहे. पॅराग्लायडिंगमध्ये हा दुसरा हंगाम सगळ्यात अवघड, असं जगभरचे प्रशिक्षक सांगतात. आणि नेमक्या याच हंगामात त्याच्यावर कुणाचंच लक्ष नसतं.

मी हे ऐकीव सांगत नाही. माझीच गोष्ट सांगतो. डोंगराचं नाव आणि मी शिकलो त्या शाळेचं नाव लिहीत नाही, कारण चूक माझी होती.

एप्रिलचा शेवटचा रविवार होता. माझा दुसरा हंगाम. शिकताना वापरलेली ‘ए’ वर्गाची विंग विकून मी वरच्या वर्गातली, जास्त वेगाची विंग घेतली होती. दुपारचे साडेतीन वाजले होते. उन्हाळ्यात दुपार कलली की कोकणातून घाट चढून वारा येतो आणि तासाभरात त्याचा जोर वाढतो, हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं. टेकऑफवर काठीला बांधलेली फीत ताठ झाली होती. दोन जुने पायलट विंगा न उघडताच दगडावर बसून थर्मासमधला चहा पीत होते. त्यातला एक म्हणाला, “थांब की जरा. वारा बघू.” मी हसलो आणि हार्नेसची बकलं लावली. माझा मित्र मोबाइल धरून तयार होता.

पॅराग्लायडर हवेतून ताशी ३५ ते ४० किलोमीटरने पुढे जातो. समोरून तेवढाच वारा आला की तो जागच्या जागी तरंगत राहतो. मी धारेच्या वर असाच तरंगत होतो आणि मला ते फार सुंदर वाटत होतं. बरोबर माझ्या बुटांखाली एक पळस होता. थोड्या वेळाने खाली पाहिलं तर पळस बुटांच्या पुढे गेलेला. पळस कुठे जाणार? मी मागे सरकत होतो. मागे धार संपते, आणि पलीकडच्या उतारावर वारा गरगरत खाली कोसळतो. ओढ्यात मोठ्या दगडामागे पाणी भोवरतं, तसा. आम्ही त्याला रोटर म्हणतो. त्यात शिरायचं नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात.

मी पायाने स्पीडबार पूर्ण दाबला. तो दाबला की विंगेचं नाक खाली येतं आणि वेग वाढतो, पण खवळलेल्या हवेत विंग मिटण्याचा धोकाही तितकाच वाढतो. विंगेची उजवी बाजू मिटली. एवढ्या जवळच्या धारेवर रिझर्व्ह पॅराशूट उघडायला उंची नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याचं हँडल मला आठवलंही नाही. मी मागच्या उतारावर करवंदीच्या जाळीत पडलो. उजवा घोटा मोडला. जाळीने जीव वाचवला.

जवळच्या वस्तीवरची एक मावशी आवाज ऐकून आली. तिने पोरांना पिटाळून दोन बांबू आणि घोंगडी मागवली, झोळी केली. डांबरी रस्त्यापर्यंत यायला दोन तास लागले. जुने पायलट तोवर गाडीने निघून गेले होते, आणि मित्राला वाटत होतं की मी पलीकडच्या खाचरात उतरलो. मी सापडत नाही हे वरच्या लोकांच्या लक्षात यायलाच अर्धा तास गेला. कोण उडालं, कोण उतरलं, याची नोंद कुणाकडेच नव्हती.

दवाखान्यात पडल्या पडल्या मी स्वतःला एकच गोष्ट विचारत होतो. ‘थांब’ हा शब्द मला ऐकू कसा आला नाही?

उत्तर सापडायला बरेच दिवस लागले. त्या एप्रिलच्या आधीही मी बऱ्याचदा चुकीचा निर्णय घेतला होता. वारा जास्त असताना उडालो होतो, ढग बांधून येत असताना उडालो होतो, अंधार पडायच्या बेतात उतरलो होतो. प्रत्येक वेळी छान उतरलो. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटोंना शाबासकी मिळाली. शेतकऱ्याची चूक त्याला त्याच हंगामात कळते, कारण पीक बोलतं. आकाशात चुकीच्या निर्णयाला बहुतेक वेळा बक्षीस मिळतं. दहा वेळा नशीब पाठीशी उभं राहिलं की माणूस ते आपलंच कौशल्य समजून वहीत मांडतो. नवख्या माणसाला हे कळत नाही, कारण कळायला लागणारा अनुभवच त्याच्यापाशी नसतो. म्हणून त्याच्या शेजारी दुसऱ्याचा अनुभव उभा असावा लागतो.

त्यात आपल्या रविवारची भर पडते. आमच्यातले बहुतेक जण मुंबई-पुण्याचे नोकरदार. पाच दिवस खुर्चीत, शनिवारी रात्री हवामानाचं ॲप, पहाटे गाडी, टोल, डोंगराची चढण. एवढं करून वर पोचल्यावर विंग न उघडता परत जायचं, हे जिवावर येतं. आठवडाभर वाट पाहिलेली असते, म्हणून वारा आपल्याला हवा तसाच दिसायला लागतो.

हा रोग फक्त पॅराग्लायडरचा नाही. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेत जॉन केनेडी ज्युनियर स्वतः विमान चालवत निघाले. सोबत पत्नी आणि मेहुणी. त्यांच्या नावावर सुमारे ३१० तासांचं उड्डाण होतं, पण फक्त उपकरणांच्या आधारे उडण्याचं मानांकन त्यांच्याकडे नव्हतं. धुरकट रात्र, खाली समुद्र, क्षितिज दिसेना, आणि विमान पाण्यात गेलं. चौकशीत एक गोष्ट पुढे आली. एका प्रशिक्षकाने त्या रात्री सोबत येण्याची तयारी दाखवली होती. एकट्याने जायचं आहे, असं सांगून केनेडींनी ती नाकारली होती. आपल्याकडे २३ जून १९८० ला दिल्लीत संजय गांधी सफदरजंगहून पिट्स एस-२ए हे कसरतीचं विमान घेऊन निघाले आणि कसरती करताना ते कोसळलं. सोबतचे कॅप्टन सुभाष सक्सेनाही गेले. त्या विमानात शेवटी काय बोलणं झालं, ते कुणाला कधीच कळणार नाही. मला मात्र त्या घटनेवरून एक वाटतं. अनुभवी माणूस नुसता शेजारी असून भागत नाही, त्याच्या ‘नको’ला अधिकार असावा लागतो.

अमेरिकेची विमान वाहतूक संस्था पायलटांना पाच घातक वृत्ती शिकवते : मला नियम सांगणारे तुम्ही कोण, काहीतरी पटकन करू, मला काही होत नाही, मी करून दाखवतो, आणि आता माझ्या हातात काय आहे. त्या एप्रिलच्या दुपारी, दहा मिनिटांच्या उड्डाणात, या पाचही वृत्ती माझ्या अंगात येऊन गेल्या. ‘वारा बघू’ म्हणणाऱ्यावर मी हसलो ती पहिली. रिझर्व्हचं हँडल आठवलं नाही ती शेवटची.

जाणत्यांनाही आकाश सोडत नाही. १४ फेब्रुवारी २००७ ला ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला इथे एवा विश्निएर्स्का ही नावाजलेली पॅराग्लायडिंग स्पर्धक सराव करत असताना वादळी ढगाने तिला आत ओढून घेतलं. ती जवळपास ९,९०० मीटरपर्यंत, विमानं जातात त्या उंचीवर, बेशुद्धावस्थेत पोचली आणि आश्चर्याने जिवंत परतली. त्याच दिवशी, त्याच आभाळात, चीनचा पायलट हे झोंगपिन वाचला नाही. एप्रिल-मे महिन्यात मावळात दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात, ते याच जातीचे. जागतिक दर्जाच्या स्पर्धकांचा जिथे अंदाज चुकला, तिथे दुसऱ्या हंगामातल्या पोराने काय अंदाज बांधावा?

जिल्हाधिकारी महोदय, संचालक महोदय, आता आपल्याशी बोलतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा, तिन्ही ठिकाणच्या साहसी खेळांच्या आयोजकांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आली, सुरक्षेच्या अटी आल्या. ते चांगलंच झालं. १८ जानेवारी २०२५ ला गोव्यात पेडणे तालुक्यातल्या केरीच्या पठारावरून उडालेली पुण्याची तरुणी आणि तिला सोबत घेऊन उडणारा टँडम पायलट दोघंही दरीत कोसळून गेले, आणि व्यवसाय बेकायदा चालू होता म्हणून आयोजकावर गुन्हा नोंदला गेला. आयोजकांवर वचक हवाच. पण माझ्यासारख्या सोलो पायलटला आयोजक कुठला? शाळा म्हणते, आमचा कोर्स संपला. धोरण बोलतं आयोजकाशी. छोटं विमान उडवायचं तर खासगी परवान्यासाठी वय किमान १७ वर्षं, ४० तासांचं उड्डाण, त्यातलं काही एकट्याने, वैद्यकीय तपासणी आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा, एवढी वाट आहे. पॅराग्लायडरच्या सोलो पायलटकडे असतं ते आंतरराष्ट्रीय संघटनांच्या पद्धतीने मिळालेलं प्रमाणपत्र. त्यात काही खोट नाही, पण ते मिळाल्यानंतर डोंगरावर त्याला कुणी विचारत नाही. हिमाचल प्रदेशाने २००४ मध्येच हवाई खेळांसाठी वेगळे नियम केले. आपल्याकडे पॅराग्लायडर हा शब्द सरकारी कागदावर बहुतेक वेळा ड्रोनच्या शेजारी, मुंबई पोलिसांच्या बंदी आदेशात वाचायला मिळतो.

आणि बंदी, माफ करा, हे उत्तर नाही. मावळाने हे पाहिलं आहे. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, मग मनाई आदेश निघाले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चार जण गेले. पूल धोकादायक आहे हे आधीपासून माहीत होतं. जीव गेल्यावर आदेश निघतो, फलक लागतो, बंदोबस्त येतो आणि पुढच्या पावसापर्यंत सगळं विसरलं जातं. डोंगर तर मोकळे आहेत. एका धारेवर बंदी घातली की पोरं दुसरी, अनोळखी धार शोधतील, आणि तिथे दगडावर चहा पीत बसलेले जुने पायलटही नसतील.

म्हणून मागण्या थोड्या आहेत, आणि अमलात येतील अशा आहेत.

पहिली. हंगामात शनिवार-रविवारी प्रत्येक वापरात असलेल्या टेकऑफवर एक अनुभवी पायलट सुरक्षा प्रमुख म्हणून नेमलेला असावा. शाळांनी पाळीपाळीने तो द्यावा, जिल्हा प्रशासनाने त्याला लेखी अधिकार द्यावा. त्याच्या हातात वारा मोजायचं यंत्र असावं, तिथे वाऱ्याची दिशा दाखवणारा कायमचा विंडसॉक असावा, आणि त्याने ‘आज नको’ म्हटलं की त्या दिवशी नको.

दुसरी. उडणाऱ्यांची वही. नाव, उडाल्याची वेळ, उतरल्याची वेळ, घरच्यांचा नंबर. संध्याकाळी वही बंद करताना एकही रकाना मोकळा नसावा.

तिसरी. नव्या पायलटच्या हार्नेसला तांबडी फीत. ब्रिटनमधल्या क्लबांत ही पद्धत आहे. फीत दिसली की हवेतले बाकीचे त्याला जागा देतात आणि जमिनीवरचे त्याच्यावर नजर ठेवतात. तिथे नव्या माणसाला सांभाळायला क्लबने ठरवलेले कोचही असतात. ठराविक तास होईपर्यंत नव्या पायलटने वाऱ्याच्या ठरलेल्या मर्यादेतच उडावं. नव्या मोटारचालकाच्या गाडीवरच्या ‘एल’ अक्षराची आपल्याला लाज वाटत नाही, तशी या फितीचीही वाटायला नको.

चौथी. बचावाची तयारी अपघाताआधी. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र आणि मावळातली वन्यजीव रक्षक संस्था दरीतून माणसं वर काढतात. हे सगळे स्वयंसेवक आहेत. त्यांच्यासोबत हंगामाच्या सुरुवातीला एकदा सराव व्हावा. टेकऑफखालच्या वाड्यांवर एक स्ट्रेचर, दोन वॉकी-टॉकी आणि प्रथमोपचार शिकलेली चार पोरं असावीत. उडणाऱ्या प्रत्येकाकडून ग्रामपंचायतीने शुल्क घ्यावं आणि ते यावरच खर्च व्हावं. आमच्यातले किती जण ते आनंदाने देतील, हे मला माहीत आहे. उभ्या पिकात उतरलेल्या पायलटने शेतकऱ्याला भरपाई द्यायची, हेही त्यातच ठरून जावं.

पाचवी. अपघात आणि थोडक्यात टळलेले अपघात, दोन्हींची नोंद, नावं न लिहिता. ती दर महिन्याला सगळ्या शाळांत वाचली जावी. माझा पळस पुढे सरकला, तो आधी कुणाचा तरी सरकला असणारच. त्याने सांगितलं असतं तर मी आधीच खाली पाहिलं असतं.

शाळांच्या संचालकांनो, तुम्ही मला आकाश दिलंत, ते ऋण मी विसरणार नाही. पण प्रमाणपत्र देऊन तुमचं नातं संपत नाही. दुसऱ्या हंगामात विद्यार्थ्याला एकदा परत बोलवा, त्याची वही तपासा, तो कुठली विंग घेतो ते विचारा. जास्त वेगाची विंग विकायच्या आधी त्याला पाण्यावर विंग मिटवून सावरण्याचं प्रशिक्षण घ्यायला लावा. आणि तुमच्यातल्या एकाने वाऱ्यामुळे उड्डाण थांबवलं तर बाकीच्यांनीही थांबवा. एका शाळेने ‘नको’ म्हटलं म्हणून गिऱ्हाईक शेजारच्या शाळेकडे जात असेल, तर ‘नको’ म्हणणारा शेवटी एकटा पडतो.

आणि माझ्या सोबत्यांनो, तुमच्यावर माझा कुठलाच अधिकार नाही, माझ्याकडे फक्त मोडलेला घोटा आहे. थंडीत अजूनही दुखतो. डोंगर चढून विंग न उघडता खाली आलेला दिवस वहीत लिहून ठेवत जा. मी लिहितो. माझ्या वहीत असे दिवस आता बरेच झाले आहेत, आणि त्यातल्या एकाही दिवसाचा मला पस्तावा नाही. मोबाइल धरलेला मित्र समोर असेल तर त्याला सांगा, आधी वारा बघ आणि मग मला बघ.

ज्या मावशीने मला झोळीत घातलं, तिच्याकडे मी दर हंगामाच्या सुरुवातीला जातो. गेल्या वेळी तिने सांगितलं की माझ्या पडण्यापासून ती संध्याकाळी गुरं बांधताना वर बघते आणि छत्र्या मोजते. किती वर गेल्या, किती खाली आल्या. एखादी कमी भरली की धारेच्या मागे पोराला पाठवते. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पैसे देत नाही.

साहेब, दसऱ्यानंतर हंगाम सुरू होईल. त्याआधी एक बैठक लावा. प्रशासन, शाळा, पायलट, ग्रामपंचायती आणि बचाव पथकं यांना एका टेबलाशी बसवा. मोजायचं काम आपण सगळ्यांनी अंगावर घेऊ. ते त्या मावशीवर एकटीवर सोडून चालणार नाही.

आपला नम्र,
मावळातला एक पायलट